मैत्रीच्या शब्दांना सूर देणारे वसंत देसाई

वाचकहो, शाळेत असताना तुम्ही रोज सकाळी रांगेत उभे राहून प्रार्थना म्हटली असेल. तिचे शब्द कदाचित आज विसरले असतील, पण चाल विसरली नसेल. ती चाल कोणी बांधली, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही. गाणाऱ्याचे नाव लोकांच्या ओठांवर राहते, कवीचे नाव पुस्तकात राहते आणि चाल लावणारा बहुधा मागे पडतो. अशा मागे पडलेल्या माणसांपैकी एक सिंधुदुर्गाच्या मातीतला होता. त्यांचे नाव वसंत देसाई. ते आपल्या चळवळीतले नव्हते. ते बौद्धही नव्हते. तरीसुद्धा धम्माचा विचार करणाऱ्याने त्यांचे जीवन समजून घ्यावे, असे त्यात बरेच काही आहे.

वसंत देसाई यांचा जन्म ९ जून १९१२ रोजी कुडाळ भागातील सोनवडे येथे झाला. तेव्हा सावंतवाडी संस्थान होते. सिंधुदुर्ग जिल्हा तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९८१ साली, रत्नागिरीतून वेगळा झाला. मालवण, वेंगुर्ले, कुडाळचा हा मुलूख गरीब, पण गाण्याने भरलेला. सुगी आटोपली की गावोगावच्या जत्रा सुरू होतात. रात्रभर दशावतार चालतो. पायपेटी, मृदंग आणि झांज एवढ्या तीन वाद्यांवर सगळा खेळ उभा राहतो. त्या काळी ज्यांना अस्पृश्य मानले गेले, त्यांना देवळाची पायरी बंद होती. माणसांना अडवता येत होते, सुरांना मात्र अडवता येत नव्हते. मृदंगाचा आवाज गावकुसाबाहेरही पोचत होता. कला माणसामाणसांत भेद करीत नाही, भेद करणारी माणसेच असतात, हे या मुलखात कोणालाही दिसत होते.

१९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली. तरुण वसंता तिच्यात दाखल झाला. पडेल ते काम करण्याची तयारी, एवढेच भांडवल होते. १९३० सालच्या 'खूनी खंजर' या मूकपटात त्याने काम केले. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला, त्यात तो गायला. त्या चित्रपटाचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते. पुढे कंपनी पुण्याला गेली, तिथे केशवराव भोळे आणि मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांच्या हाताखाली त्याला शिकायला मिळाले. संगीताची शाळा म्हणतात ती त्याच्यासाठी हीच होती.

इथे थोडे थांबू या. १९३५ साली प्रभातने 'धर्मात्मा' हा चित्रपट काढला. संत एकनाथांनी अस्पृश्यांना जवळ केले, हा त्याचा विषय. संगीत मास्तर कृष्णरावांचे. त्याच मास्तर कृष्णरावांनी पुढे १९५६ साली, प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या सांगण्यावरून, पाली बुद्धवंदनेला चाल लावली आणि तिची ध्वनिमुद्रिका निघाली. धम्मदीक्षेच्या त्या वर्षी पाली शब्द आपल्या लोकांच्या जिभेला नवे होते. ते अवघड शब्द लाखो लोकांना पाठ व्हावेत, शेतमजुराला आणि गिरणी कामगारालाही म्हणता यावेत, यासाठी सोप्या, गंभीर चालीची गरज होती. ही गरज बाबासाहेबांनी ओळखली होती. पवित्र शब्दाला चाल कशी द्यावी, हे ज्यांनी आपल्या वंदनेसाठी करून दाखवले, त्यांच्याच सहवासात वसंत देसाई घडले.

१९४२ साली व्ही. शांताराम प्रभात सोडून बाहेर पडले आणि त्यांनी राजकमल कलामंदिर ही संस्था काढली. वसंत देसाई त्यांच्याबरोबर गेले. 'शकुंतला' (१९४३), 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६), 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७), 'अमर भूपाळी' (१९५१), 'झनक झनक पायल बाजे' (१९५५), अशी चित्रपटांची रांगच लागली. आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' (१९५३) या चित्रपटाचे संगीतही त्यांचेच. ज्या साने गुरुजींच्या पुस्तकावरून तो निघाला, त्यांनी पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली उपोषण केले होते, हे आपण विसरू नये. रंगभूमीवर 'पंडितराज जगन्नाथ' (१९६०) सारख्या नाटकांनाही त्यांनी संगीत दिले.

चाल लावणे म्हणजे नेमके काय, हे तुम्ही समजून घ्या. कवितेत ऱ्हस्व-दीर्घ असतात. दीर्घ अक्षरावर सूर टेकला तर शब्द ठसतो, ऱ्हस्वावर उगाच ताणला तर शब्द मोडतो. गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा द्यावी लागते, पण ती एखाद्या शब्दाच्या मध्ये येऊन चालत नाही. ज्या शब्दात सगळा अर्थ साठला आहे, तिथे चालीने पोचायचे असते. आणि ते गाणे सर्वांनी म्हणावे असे असेल, तर सूर फार उंच किंवा फार खाली नेता येत नाहीत, ताना-पलट्यांचा मोह आवरावा लागतो. रागदारी येत असून ती आवरणे, हे ज्याला जमते तोच प्रार्थनेला चाल लावू शकतो. वसंत देसाईंना हा संयम साधला होता.

त्याची साक्ष म्हणजे 'दो आंखे बारह हाथ' (१९५७). खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या सहा कैद्यांना एक तुरुंगाधिकारी उघड्या माळावर नेतो, त्यांच्यावर विश्वास टाकतो आणि त्यांच्याकडून शेती पिकवून घेतो, अशी ती कथा. औंध संस्थानात स्वतंत्रपूर येथे खुल्या तुरुंगाचा प्रयोग झाला होता, त्यावरून ती सुचली. भरत व्यास यांनी त्यासाठी प्रार्थना लिहिली, लता मंगेशकर यांनी गायिली आणि पुढे ती देशभर शाळाशाळांत पोचली. आपल्याला अंगुलिमालाची कथा ठाऊक आहे. बोटांची माळ घालणारा तो खुनी तथागतांच्या मैत्रीने बदलला. माणूस बदलू शकतो, हाच त्या चित्रपटाचाही विश्वास. प्रार्थनेत जगाच्या मालकाला हाक आहे, ती आपण मानत नाही. पण वाईट करणाऱ्याचेही आपण भले करावे, हा तिच्यातला भाव धम्मपदाला परका नाही. वैराने वैर शमत नाही, हे तथागतांनी त्याच्या कितीतरी आधी सांगितले.

१९७१ सालच्या 'गुड्डी' चित्रपटातील शाळेची प्रार्थना गुलजार यांनी लिहिली आणि वाणी जयराम यांनी गायिली. तिलाही चाल देसाईंचीच. दुसऱ्याला जिंकण्याआधी स्वतःला जिंकण्याचे बळ तिच्यात मागितले आहे. रणात हजारोंना जिंकण्यापेक्षा स्वतःला जिंकणारा श्रेष्ठ, हे धम्मपदाच्या वाचकाला नव्याने सांगायला नको.

आता त्यांच्या आयुष्यातील एका वेगळ्या कामाकडे वळू. ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांचे गायन झाले. त्यात 'मैत्रीं भजत' हे संस्कृत गीत त्यांनी गायिले. त्याची चाल वसंत देसाई यांनी बांधली होती. मैत्रीने सर्वांची मने जिंका, दुसऱ्यात स्वतःला पाहा, युद्ध सोडा, स्पर्धा सोडा, दुसऱ्याचे हिरावून घेऊ नका, संयम, दान आणि दया धरा, असा त्याचा आशय आहे.

वाचकहो, त्या सभागृहात कोण कोण एकत्र आले ते पाहा. गीत रचले कांचीच्या शंकराचार्यांनी, चंद्रशेखरेंद्र सरस्वतींनी. गाणारी स्त्री देवदासी परंपरेतल्या एका वीणावादक आईची मुलगी. चाल लावणारा कुडाळकडचा माणूस. आणि संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस होते ऊ थांट, ब्रह्मदेशाचे बौद्ध उपासक. १९५४ साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी ज्या रंगूनला गेले, त्या देशाचे.

इथे तुमच्या मनात प्रश्न उठेल, आणि तो उठलाच पाहिजे. ज्या आचार्यांनी वर्णाश्रमाचा पुरस्कार केला, त्यांनी लिहिलेले मैत्रीचे गीत आपण का ऐकावे? ज्याला जन्मावरून माणसाचा दर्जा ठरवणे मान्य आहे, त्याच्या तोंडी मैत्री शोभते का? प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊ नये. कालामांना तथागतांनी सांगितले की केवळ गुरू सांगतो म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, ते कुशल आहे की अकुशल हे स्वतः तपासा. हाच निकष दुसऱ्या बाजूनेही लावावा लागतो. सांगणारा आपला नाही, एवढ्यावरून कुशल गोष्ट अकुशल ठरत नाही. मैत्री हा शब्द धम्माच्या गाभ्यातला आहे. तो कोणीही उच्चारला तरी त्याची कसोटी एकच : वागणुकीत तो उतरतो का? जातीच्या भिंती तशाच ठेवून गायिलेली मैत्री अपुरी आहे. ही कसोटी लिहिणाऱ्याला लागू आहे, ऐकणाऱ्याला लागू आहे, आणि आपल्यालाही तितकीच लागू आहे.

सुरांविषयीही धम्माने सावध केले आहे. लांबलचक आलापांत धम्म गायिला तर गाणारा आपल्याच आवाजात गुंततो, ऐकणारेही आवाजातच गुंततात आणि अर्थ बाजूला पडतो, असा दोष भगवंतांनी भिक्खूंना दाखवला. पण स्वरात पठण करण्यास त्यांनी अनुमतीही दिली. पंचशिखाने वीणेवर गायिले तेव्हा तारांचा सूर आणि कंठाचा सूर जुळला, म्हणून त्याची वाखाणणी केली. म्हणजे सूर वर्ज्य नाही. सुराने अर्थाला झाकू नये, एवढीच अट आहे. वसंत देसाईंच्या प्रार्थनांच्या चाली या अटीला उतरतात. त्या ऐकताना आधी शब्द कानी येतो, मग सूर.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ६३. दिवसभर काम करून घरी परतलेला माणूस असा क्षणात गेला. अनित्यतेचा याहून उघड धडा कोणता?

वाचकहो, आपल्या विहारात वंदना होते तेव्हा या माणसाची आठवण ठेवून एक गोष्ट करा. आवाज चढवून, घाईघाईने, एकमेकांच्या पुढे धावत वंदना म्हणू नका. शब्द पुरा होऊ द्या, मग श्वास घ्या. मुलांना प्रत्येक ओळीचा अर्थ सांगा, मगच चाल शिकवा. सिंधुदुर्गातल्या वाडीवाडीत पेटी वाजवणारी, मृदंग वाजवणारी आपली तरुण मुले आहेत. वामनदादा कर्डकांनी साध्या लोकांच्या चालींवर बाबासाहेबांचा विचार घरोघर नेला. तसे मैत्रीचे, शीलाचे शब्द नेणारे नवे चालकार या किनाऱ्यावरही निघू शकतील. शब्द आपल्याजवळ अडीच हजार वर्षांचे आहेत. त्यांना जपून सूर लावणारे हात हवेत, आणि त्या शब्दांप्रमाणे वागणारी माणसे त्याहून अधिक हवीत.