अंधांचा अक्षरदाता : लुई ब्रेल

महोत्सवी स्मरणिकेत संतांची व धर्मप्रसारकांची चरित्रे यावीत, असा प्रघात आहे. आणि तो योग्यच आहे. आम्ही मात्र या पानांकरिता अशा एका पुरुषाचे चरित्र निवडले आहे, की जो धर्मगुरू नव्हता आणि ज्याची गणना ख्रिस्तसभेच्या संतांतही झालेली नाही. तो एका जीनगराचा मुलगा होता, शाळेत मास्तर होता आणि देवळात ऑर्गन वाजवीत असे. त्याचे नाव लुई ब्रेल. अंध मनुष्य बोटांनी वाचतो, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. परंतु ती लिपी अंधाच्या स्वतःच्या हातची व्हावी आणि गरिबाला परवडावी, यासाठी कोणाचे आयुष्य खर्ची पडले, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

फ्रान्स देशात, पॅरिस शहराच्या पूर्वेस कूव्रे नावाचे लहानसे खेडे आहे. तेथे सिमोन-रेने ब्रेल हा खोगीर, लगाम व घोड्याचा इतर सरंजाम शिवणारा कारागीर राहत असे. मोनिक हे त्याच्या पत्नीचे नाव. या दांपत्याच्या चार अपत्यांपैकी सर्वांत धाकटा लुई 4 जानेवारी 1809 रोजी जन्मास आला. तीन वर्षांचा असताना तो बापाच्या कारखान्यात शिरला आणि चामडे टोचण्याचे एक टोकदार हत्यार घेऊन खेळू लागला. हात निसटला व हत्यार डोळ्यात गेले. त्या काळी जंतूंचे ज्ञान नव्हते व जखम चिघळू न देण्याचे उपायही नव्हते. एका डोळ्याचा विकार दुसऱ्यात उतरला आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास मुलगा पूर्ण अंध झाला.

त्या काळच्या गरीब घरात अंध मुलाची वाट बहुधा ठरलेली असे : देवळाच्या दाराशी कटोरा घेऊन बसणे. परंतु लुईच्या वाट्यास चांगली माणसे आली. त्याच्या बापाने लाकडी फळीवर खिळे ठोकून अक्षरांचे आकार तयार केले व त्यांवर मुलाची बोटे फिरवून घेतली, असे चरित्रकार सांगतात. गावचे धर्मगुरू आबे पाल्युई यांनी त्यास शिकवण्यास आरंभ केला आणि पुढे गावच्या शाळामास्तरांनी त्यास डोळस मुलांच्या पंक्तीत बसवून घेतले. मुलगा ऐकून ऐकून सर्व धडे पाठ करी. परंतु वाचणे व लिहिणे यांस तो वंचितच राहिला. तेव्हा थोरामोठ्यांकडे शब्द टाकून त्यास पॅरिसच्या राजकीय अंधशाळेत विद्यार्थिवेतन मिळवून देण्यात आले. 15 फेब्रुवारी 1819 रोजी, दहा वर्षांचा असताना, लुई त्या शाळेत दाखल झाला.

ही शाळा ज्या वास्तूत भरत असे, तिचा इतिहास आम्हां कॅथॉलिकांस जिव्हाळ्याचा वाटावा असा आहे. सतराव्या शतकात संत व्हिन्सेंट द पॉल यांनी आपल्या मिशनरी मंडळाचा पाया येथेच घातला. पुढे येथे सेमिनरी झाली आणि 1792 सालच्या राज्यक्रांतीच्या धुमाळीत तेथील अनेक धर्मगुरूंचा वध झाला. मात्र लुई आला तेव्हा इमारत जुनाट व दमट झाली होती. त्या दमट हवेने पुष्कळ मुलांची छाती पोखरली; लुईचीही पोखरली, असे मानतात.

या शाळेचे संस्थापक व्हॅलेंटिन हॉई हे डोळस व परोपकारी गृहस्थ होते. अंधांस वाचता यावे म्हणून त्यांनी नेहमीची रोमन अक्षरे कागदावर उठावाने छापण्याची युक्ती काढली होती. प्रारंभास ही गोष्ट थोर होती, यात संशय नाही. परंतु तीत दोन मोठी वैगुण्ये होती. बोटास ओळखू यावे म्हणून प्रत्येक अक्षर मोठे काढावे लागे. त्यामुळे पुस्तके अवजड व अतिशय महाग होत, आणि वाचण्यास वेळही फार लागे. दुसरे वैगुण्य याहून वाईट. असली अक्षरे छापखान्यातच उठत. अंधास ती स्वतः लिहिता येत नसत. डोळसांनी जेवढे छापून द्यावे, तेवढेच त्याने चाचपडत वाचावे. हाताशी पुस्तक होते, पण लेखणी नव्हती.

1821 साली शार्ल बार्बिये नावाचे तोफखान्यातील एक माजी अधिकारी आपली एक पद्धत घेऊन शाळेत आले. जाड कागदावर टोचणीने उंचवटे उठवून त्यांनी आवाजांच्या खुणा बसविल्या होत्या. बारा वर्षांच्या लुईने त्या ठिपक्यांवर बोट ठेवले मात्र, आणि बोटास रेषेपेक्षा ठिपका लवकर कळतो, हे त्याच्या ध्यानी आले. परंतु बार्बिये यांच्या खुणेत बारा ठिपक्यांपर्यंत मांडणी असे; ती एका बोटाखाली मावत नसे. शिवाय तीत शुद्धलेखन नव्हते, विरामचिन्हे नव्हती, अंक नव्हते. लुईने दिवसा अभ्यास करावा व फावल्या वेळी, सुटीत, रात्री पाटी व टोचणी घेऊन बसावे, असा क्रम तीन वर्षे चालविला. 1824 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी मुख्यतः सिद्ध झाली.

ती किती साधी आहे पाहा. उभ्या दोन ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके, असे एकूण सहा. डावीकडचे वरून खाली 1, 2, 3 आणि उजवीकडचे 4, 5, 6. या सहांपैकी काही उठवायचे व काही सोडायचे, एवढ्यावर 63 निरनिराळ्या खुणा होतात. सर्व खूण बोटाच्या एका टोकाखाली येते. बोट वरखाली फिरवावे लागत नाही. लिहिण्यास लागते काय, तर खाचांची एक पाटी, एक टोचणी व जाड कागद. उजवीकडून डावीकडे टोचीत जावे, कागद उलटावा व डावीकडून उजवीकडे वाचावे. अंधाच्या हाती लेखणी आली ती अशी.

1828 च्या सुमारास लुई त्याच शाळेत साहाय्यक शिक्षक झाले व 1833 साली पूर्ण शिक्षक. 1829 साली त्यांनी आपल्या पद्धतीचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात शब्दांबरोबर संगीताचे लेखन होते आणि आमच्या उपासनेतील प्राचीन ख्रिस्ती गायनाचेही होते, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. बार्बिये यांचे ऋणही त्यांनी त्या पुस्तकात मोकळेपणी मान्य केले. ते स्वतः उत्तम ऑर्गनवादक होते व पॅरिसमधील सेंट निकोला दे शां या देवळात सेवा करीत. अंध तरुणास देवळात ऑर्गन वाजवून स्वतःच्या पोटापुरते मिळविता येई. त्यासाठी स्वरलेखन वाचता येणे केवढ्या कामाचे होते, हे वेगळे सांगावयास नको.

एवढी सोयीची गोष्ट लोकांनी ताबडतोब उचलली असेल, असे वाटेल. परंतु तसे घडले नाही. शाळेचे संचालक पिन्ये हे ब्रेल यांचे हितचिंतक होते, पण 1840 साली ते गेले व त्यांच्या जागी द्युफो आले. नव्या संचालकांस ठिपके नको होते. डोळस शिक्षकास वाचता येणार नाही अशी लिपी अंधांनी वापरू नये, असा त्या काळच्या पुष्कळ शिक्षकांचा ग्रह होता. त्यामागे दुष्टपणा नव्हता. अंधाचे हित अंधापेक्षा आपणांस अधिक कळते, ही समजूत होती. लिपीस बंदी झाली, परंतु मुलांनी ती चोरून चालू ठेवली. ज्यांना एकदा स्वतः लिहिता येऊ लागले, त्यांच्याकडून लेखणी काढून घेणे सोपे नसते. अखेर द्युफो यांचे साहाय्यक जोसेफ गादे यांस त्या लिपीचे महत्त्व पटले. फेब्रुवारी 1844 मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी सर्वांसमक्ष तिचे प्रात्यक्षिक करून दाखविण्यात आले आणि विरोध मावळू लागला.

ब्रेल यांनी आणखी एक गोष्ट हाती घेतली. अंधाने घरच्या डोळस माणसांस पत्र कसे लिहावे? याकरिता 1839 साली त्यांनी ठिपक्यांनीच नेहमीच्या अक्षरांचे आकार काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. शाळेचे माजी विद्यार्थी फूको, जे स्वतः अंध व यंत्रकुशल होते, त्यांनी लवकरच ते काम झपाट्याने करणारे यंत्र तयार केले. एका अंधाने पद्धत काढावी व दुसऱ्याने यंत्र बनवावे, हा योग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

स्वभावाने ब्रेल शांत, नेमस्त व भाविक होते. मिळकत बेताची असूनही गरजूस उसने देण्यास त्यांचा हात मागे नसे. त्यांच्या मृत्यूनंतर एक लहान पेटी न उघडता जाळावी, अशी त्यांची सूचना होती. ती उघडली गेली तेव्हा तीत त्यांच्याकडून पैसे घेतलेल्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या, असे चरित्रकार लिहितात. क्षयाने त्यांस तरुणपणीच गाठले होते. 1851 च्या डिसेंबरात रक्ताच्या गुळण्या सुरू झाल्या. त्यांनी अंतिम साक्रामेंते स्वीकारली. आणि 6 जानेवारी 1852 रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, वयाच्या त्रेचाळीस वर्षांस दोन दिवस होतात न होतात तोच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्याच शाळेने लिपीस अधिकृत मान्यता दिली ती 1854 साली. 1878 साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिचा पुरस्कार केला. मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, 1952 साली, फ्रान्सने त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये थोर पुरुषांशेजारी नेले. परंतु त्यांचे हात कूव्रे गावानेच आपल्याजवळ ठेवले.

आता आपल्या देशाकडे वळू. 1900 साली, मोठ्या दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी मुंबईत अंधांची शाळा काढली. पुढे हिंदुस्थानात प्रांतोप्रांती ठिपक्यांच्या निरनिराळ्या पद्धती निघाल्या व एकाचे पुस्तक दुसऱ्यास वाचता येईना. 1951 साली भारती ब्रेल ही एकच पद्धत ठरली आणि तो घोटाळा मिटला. तीत मराठी मुलास आई हा शब्द दोनच खुणांत लिहिता येतो : आ म्हणजे 3, 4 व 5 हे ठिपके आणि ई म्हणजे 3 व 5. 1952 साली मुंबईत राष्ट्रीय अंध संघ, म्हणजे नॅब, स्थापन झाला. त्याची महाराष्ट्र शाखा आपल्या नाशिकातच आहे.

नाशिककरांच्या तर रोजच्या हाताळणीत या तत्त्वाचा एक नमुना आहे. नाशिकरोडच्या नोट छापखान्यात 1928 पासून नोटा छापल्या जात आहेत. शंभराच्या नोटेवर त्रिकोण व पाचशेच्या नोटेवर वर्तुळ अशी उठावाची खूण असते. अंधास बोटाने नोट ओळखता यावी, एवढ्यासाठीच ती आहे. नोट झिजली की खूण पुसट होते; म्हणून रिझर्व्ह बँकेने 2020 साली मोबाइलवरून नोट ओळखून सांगणारे मणी नावाचे अॅप विनामूल्य दिले आहे. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी एनव्हीडीए ही आज्ञावलीही फुकट मिळते. ती 2006 साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने सुरू केली व जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्यास येऊन मिळाला. महाग यंत्रे घेण्याची ऐपत नसलेल्या अंधांसाठी अंधांनीच केलेली ही सोय पाहून ब्रेल व फूको यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

तेव्हा साधनांचा आज तुटवडा नाही. तुटवडा आहे तो साधन व माणूस यांमधील अंतर तोडणाऱ्यांचा. सरकारची अॅडिप योजना 1981 पासून चालू आहे. कानपूरचा अॅलिम्को हा सरकारी कारखाना 1972 पासून उभा आहे. चाकांची खुर्ची, कुबड्या, श्रवणयंत्र, पांढरी काठी, ब्रेल पाटी ही साधने योजनेतून उत्पन्नानुसार पूर्ण मोफत किंवा निम्म्या किमतीत मिळतात. त्यासाठी निदान 40 टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो, उत्पन्नाचा दाखला लागतो व फेऱ्या माराव्या लागतात. ज्यास दिसत नाही वा चालता येत नाही, त्यालाच या फेऱ्या सर्वांत जड जातात. आणि मग आईबाप थकतात व मूल घरीच बसते. आम्ही आशीर्वादासाठी घरोघरी जातो तेव्हा आतल्या खोलीतले मूल कित्येकदा शेवटी बाहेर येते, तेही लाजत. दया आपल्यापाशी पुष्कळ आहे. परंतु दयेने अक्षर उमटत नाही, त्याला पाटी लागते.

वाचकहो, ज्या वास्तूत लुई ब्रेल शिकले, ती संत व्हिन्सेंट द पॉल यांची. आणि त्या संताच्या नावाची गरीबसेवा करणारी मंडळी बहुतेक धर्मग्रामांत आहे. महोत्सवाच्या या वर्षी रोषणाई व बँड होतीलच. त्याबरोबर प्रत्येक वाडीतील तरुणांनी आपल्या शेजारी कोण अंध, कोण बहिरा, कोण अंथरुणास खिळलेला आहे, त्याची नोंद करावी; दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयात त्याच्याबरोबर जावे; आणि कोणते साधन हवे, हे त्यालाच विचारावे. ज्याला वापरावयाचे त्याला न विचारता दिलेली वस्तू कोपऱ्यात धूळ खात पडते, हे हॉई यांच्या अवजड पुस्तकांनी दोनशे वर्षांपूर्वीच शिकविले आहे.

पुढील 6 जानेवारीस, तीन राजांच्या सणाच्या मिस्साबलीत, ताऱ्याच्या खुणेने वाट सापडलेल्या ज्ञानी पुरुषांचे वाचन आपण ऐकू. त्या दिवशी लुई ब्रेल यांच्या आत्म्यास एक प्रार्थना अवश्य अर्पावी आणि आपल्या धर्मग्रामात लेखणीवाचून एकही अंध मूल राहू नये, यासाठी परमेश्वराजवळ बळ मागावे.