विश्लेषण : ‘वॉटर्लू’चा नायक वऱ्हाडात कसा लढला? चित्रपटात नसलेली १८०३ची मोहीम काय होती?

नेपोलियनला हरवणारा सेनापती म्हणून ड्यूक ऑफ वेलिंग्टन जगाला ठाऊक आहे. ‘वॉटर्लू’ (१९७०) या चित्रपटात ख्रिस्तोफर प्लमर यांनी त्याची भूमिका केली. मात्र वॉटर्लूच्या १२ वर्षे आधी तो वऱ्हाडात लढला होता. त्या मोहिमेमुळे रिद्धपूरच्या परिसरातली सत्ताही बदलली.

वेलिंग्टन भारतात कसा आला?

मूळ नाव आर्थर वेलस्ली. जन्म १७६९चा, आयर्लंडमधला. १७९७ मध्ये तो पलटणीबरोबर भारतात आला. पुढल्याच वर्षी थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल झाला. १८०३ मध्ये दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघुजी भोसले यांच्याविरुद्ध दख्खनची मोहीम आर्थरकडे आली. यशवंतराव होळकर या युद्धापासून दूर राहिले. मराठ्यांची ही फूट इंग्रजांच्या पथ्यावर पडली.

असईत काय चुकले?

२३ सप्टेंबर १८०३. सध्याच्या जालना जिल्ह्यातील असई. ऑरॉक नावाचा इंग्रज अधिकारी आपली तुकडी थेट गावातल्या तोफांसमोर घेऊन गेला. मागून येणारी ७४वी पलटणही त्यात सापडली आणि तिची चाळण झाली. इंग्रज जिंकले, पण त्यांचे ४२८ जण ठार आणि अकराशेहून अधिक जखमी झाले.

अडगावात काय घडले?

२९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील अडगावी भोसल्यांची फौज मैदानात उभी ठाकली. नेतृत्व रघुजींचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांचे होते. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच असईत टिकून लढलेल्या इंग्रजांच्या तीन देशी पलटणी घाबरून मागे पळाल्या. वेलस्लीने स्वतः त्यांना सावरून पुन्हा रांगेत आणले. मात्र कवायती फौजेशी उघड्या मैदानात समोरासमोर भिडणे भोसल्यांना महागात पडले. त्यांच्या अरब पायदळाने निकराचा हल्ला केला आणि ते कापले गेले. पाठलाग चांदण्यातही सुरू होता.

गाविलगड कसा पडला?

त्यानंतर स्टीव्हन्सनच्या सैनिकांनी मेळघाटातील डोंगर-दऱ्यांतून अवजड तोफा कित्येक दिवस हातांनी ओढत गडाच्या उत्तरेला नेल्या. १५ डिसेंबरला हल्ला झाला. बाहेरचा तट फुटला होता, आतला शाबूत होता. कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून तो ओलांडला आणि दार उघडले. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला.

चित्रपटात काय दिसते?

बोंडार्चुक दिग्दर्शित ‘वॉटर्लू’त मार्शल ने पायदळाची साथ न घेता घोडदळ पुढे काढतो. एका सेनापतीच्या घाईची किंमत हजारो स्वार मोजतात. शेवटी प्रेतांनी भरलेल्या मैदानातून जाणारा वेलिंग्टन दिसतो. मात्र कथा १८१४-१५ पुरतीच असल्याने नायक अनुभवी, थंड डोक्याचा म्हणूनच भेटतो. हा अनुभव ज्यांच्या जिवावर आला, ते असई-अडगावचे शिपाई पडद्याबाहेर राहतात.

परिणाम काय झाला?

१७ डिसेंबर १८०३च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला. तो निजामाकडे गेला. रिद्धपूर याच बाजूला येते. वेलस्ली १८०५ मध्ये मायदेशी परतला, १८२८ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान झाला आणि १८५२ मध्ये वारला. त्याच्या पुढच्याच वर्षी वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला.