न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे : दुष्काळ आणि शासनाचे उत्तरदायित्व

प्रास्ताविक

समाजसुधारक आणि अर्थचिंतक म्हणून न्यायमूर्ती रानडे यांचा परिचय आपल्याला आहेच. प्रस्तुत घटकात आपण त्यांच्या कार्याचा एक कमी परिचित पैलू अभ्यासणार आहोत. दुष्काळनिवारण ही सरकारने केलेली मेहेरबानी नसून ते त्याचे कर्तव्य आहे आणि म्हणून त्याचा हिशेब प्रजेला मागता येतो, हा विचार महाराष्ट्रात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

जन्म व शिक्षण

नाशिक शहरातील द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता मिळतो. या शहराच्या पूर्वेस असलेल्या निफाड येथे १८ जानेवारी १८४२ रोजी रानडे यांचा जन्म झाला. त्यांचे बालपण कोल्हापुरात आणि उच्च शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक होते. १८७१ मध्ये न्यायखात्यातील अधिकारी म्हणून ते पुण्यात आले.

सार्वजनिक सभा

पुण्यात २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभेची स्थापना झाली होती. तिचे प्रमुख संस्थापक गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका होत. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून ही संस्था आकाराला आली, हे आपण ध्यानात घ्यावे. सभेच्या सभासदाला लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे जो लोकांच्या वतीने बोलणार, त्यालाही लोकांची संमती दाखवावी लागत असे. रानडे सरकारी नोकर असल्यामुळे सभेची पत्रे त्यांच्या नावाने निघत नसत. परंतु सभेमागील अभ्यासू बुद्धी प्रामुख्याने त्यांचीच होती.

१८७६-७८ चा दुष्काळ

१८७६ मध्ये पावसाने दगा दिला. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा आणि कलादगी या जिल्ह्यांत हाहाकार उडाला. सरकारने दुष्काळी कामे काढली. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी पाहणीसाठी सर रिचर्ड टेंपल यांना पाठवले. याच टेंपल यांनी १८७३-७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून मोठी प्राणहानी टाळली होती. मात्र त्या वेळी अवाजवी खर्च केल्याचा ठपका त्यांच्यावर आला होता. आता काटकसरीसाठी त्यांनी मजुरी कमी केली. दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्याची किंमत आणि वर थोडी रोख रक्कम, एवढेच मिळू लागले. याचा निषेध म्हणून सुमारे एक लाख मजुरांनी मुंबई इलाख्यातील कामे सोडली.

येथे सभेची कार्यपद्धती लक्षात घ्या. तिने गावोगावच्या प्रतिनिधींकडून पिके, धान्याचे भाव, कामावरील मजुरांची स्थिती, स्थलांतर आणि मृत्यू यांची माहिती गोळा केली. त्यावरून दुष्काळाचे वृत्तांत तयार करून ते सरकारकडे वेळोवेळी सादर केले. तुरुंगातील कैद्याला जितके धान्य मिळते, त्याच्या निम्म्यावर निरपराध मजुराने कसे जगावे, हा सभेचा मुख्य प्रश्न होता. त्यात दयेची याचना नव्हती. सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवून मागितलेले उत्तर होते. तिजोरीतील पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने माणसांच्या प्राणांचाही हिशेब दिला पाहिजे, असा या युक्तिवादाचा आशय होता.

परिणाम

रानडे यांना याची झळ लागली. १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडामुळे सरकारचा पुण्यातील पुढाऱ्यांवरील संशय वाढला. रानडे यांना धुळ्यास पाठवण्यात आले आणि तेथे त्यांचा टपालव्यवहारही तपासला जात असे. पुढे संशय निवळला आणि १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले.

दरम्यान, १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालानंतर १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. कामे केव्हा काढावीत, मजुरी किती द्यावी, अपंगांना मदत कशी द्यावी, याचे लेखी नियम त्यामुळे झाले. नियम लेखी झाला, की तो मोडल्याचे दाखवून देता येते. १८९६-९७ च्या दुष्काळात, सभा लोकमान्य टिळकांच्या प्रभावाखाली असताना, तिच्या प्रतिनिधींनी हीच संहिता गावोगाव समजावून सांगितली. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. रानडे तेव्हा सभेतून बाहेर पडले होते. तरीही माहितीच्या आधारे जाब विचारण्याची त्यांची रीत सभेत टिकून होती.

समारोप

महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आणि २००५ चा माहितीचा अधिकार कायदा यांचा अभ्यास करताना ही पार्श्वभूमी आपल्याला उपयोगी पडेल. आपल्या गावातील कामाचे हजेरीपत्रक पाहायला मागणारा मजूर रानडे यांच्याच वाटेने चालत असतो.

स्वाध्याय

१. सार्वजनिक सभेच्या माहिती गोळा करण्याच्या पद्धतीचे महत्त्व स्पष्ट करा.
२. लेखी नियमांमुळे शासनाचे उत्तरदायित्व कसे वाढते, ते आपल्या परिसरातील एका उदाहरणाच्या आधारे लिहा.