अलेक्झांडर पोन्यातोव्ह

अलेक्झांडर मात्वेयेविच पोन्यातोव्ह (जन्म : २५ मार्च १८९२, मृत्यू : २४ ऑक्टोबर १९८०) हे रशियात जन्मलेले अमेरिकन विद्युत अभियंते आणि अँपेक्स या कंपनीचे संस्थापक होते. दूरचित्रवाणीवरील चित्रे फितीवर मुद्रित करून लगेच पुन्हा दाखवणारे पहिले व्यवहार्य यंत्र त्यांच्या कंपनीत तयार झाले. क्रीडासामन्यांतील रिप्लेचे मूळ त्याच यंत्रात आहे.

जीवन

पोन्यातोव्ह यांचा जन्म कझान प्रांतातील एका खेड्यात झाला. कझान व मॉस्को येथील शिक्षणानंतर ते जर्मनीतील कार्ल्सरूह येथे अभियांत्रिकी शिकले. पहिल्या महायुद्धात ते रशियन नौदलात वैमानिक होते. क्रांतीनंतरच्या यादवीत ते बोल्शेविकांच्या विरोधी पक्षाकडून लढले. तो पक्ष हरल्यावर त्यांना देश सोडावा लागला. शांघायमधील वीज कंपनीत काही वर्षे नोकरी करून १९२७ मध्ये ते अमेरिकेत गेले.

१९४४ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी कॅलिफोर्नियातील सान कार्लोस येथे अँपेक्सची स्थापना केली. कंपनीच्या नावातील पहिली तीन अक्षरे त्यांच्या नावाची आद्याक्षरे आहेत. आरंभी ही कंपनी रडारच्या अँटेनांसाठी विद्युत मोटारी बनवत असे. युद्ध संपताच ते काम आटले आणि कंपनी बुडण्याची वेळ आली. जर्मनीतून आणलेल्या मॅग्नेटोफोन या ध्वनिमुद्रण यंत्राने तिला नवी वाट दाखवली. त्या धर्तीवरचे अँपेक्सचे पहिले यंत्र १९४८ मध्ये बाजारात आले. गायक बिंग क्रॉस्बी यांनी त्यासाठी ५०,००० डॉलर पुरवले होते.

चित्रमुद्रण

ध्वनीपेक्षा चित्राचे मुद्रण कितीतरी अवघड होते. चित्राच्या संकेतात माहिती फार असल्याने फीत प्रचंड वेगाने पळवावी लागे. आरसीए कंपनीच्या १९५३ मधील प्रयोगात फितीचा वेग सेकंदाला ३० फूट होता. अँपेक्सच्या गटाने फितीऐवजी मुद्रणशीर्षेच फिरवली. मिनिटाला १४,४०० फेरे घेणाऱ्या चकतीवर चार शीर्षे बसवल्यामुळे दोन इंच रुंदीची फीत सेकंदाला अवघी १५ इंच सरकली तरी पुरे होई. या गटाचे प्रमुख चार्ल्स गिन्सबर्ग होते. पुढे ध्वनिक्षेत्रात नावाजलेले रे डॉल्बी त्यात विद्यार्थिदशेतच सामील झाले. त्यामुळे पोन्यातोव्ह यांना व्हिडिओ रेकॉर्डरचा जनक म्हणणे काटेकोर ठरणार नाही. तथापि मधूनमधून थांबवाव्या लागलेल्या या कामाला त्यांनी आश्रय दिला, हे श्रेय त्यांचेच आहे. १९५६ च्या एप्रिलमध्ये शिकागो येथे यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएस वाहिनीने बातम्यांसाठी ते प्रथम वापरले.

१९५९ मध्ये मॉस्कोतील अमेरिकन प्रदर्शनात निक्सन व ख्रुश्चेव्ह यांच्यात झालेला वाद अँपेक्सच्या यंत्रावरच रंगीत मुद्रित झाला. ज्या देशातून पोन्यातोव्ह परागंदा झाले, त्याच देशाच्या राजधानीत हे घडले.

दूरनियंत्रण व रिप्ले

ही यंत्रे अवजड असल्याने ती कॅमेऱ्यांपासून दूर, वेगळ्या खोलीत किंवा वाहनात ठेवीत. निर्मात्याला हवे ते दृश्य ऐन वेळी मिळावे, तर यंत्र लांबूनच सुरू करणे, थांबवणे, मागे नेणे आवश्यक होते. शिवाय कळ दाबताच चित्र स्थिर होत नसे. त्यासाठी काही सेकंद आधी फीत चालू करावी लागे. थेट प्रक्षेपणात हे काही सेकंदच मोलाचे असत.

७ डिसेंबर १९६३ रोजी फिलाडेल्फिया येथील लष्कर विरुद्ध नौदल या अमेरिकन फुटबॉल सामन्यात सीबीएसचे दिग्दर्शक टोनी व्हर्ना यांनी सुमारे १,३०० पौंड वजनाचे अँपेक्स यंत्र मैदानावर नेले. फितीवरील नेमकी जागा सापडावी म्हणून त्यांनी ध्वनिपट्टीवर खुणेचे सूर नोंदवले. अनेक प्रयत्न फसल्यावर एकच दृश्य पुन्हा दाखवता आले, आणि तो नवा गुण नसल्याचे समालोचकाला प्रेक्षकांना बजावून सांगावे लागले. १९६७ मध्ये अँपेक्सने फितीऐवजी चकतीवर ३० सेकंदांचे मुद्रण करणारे एचएस-१०० हे यंत्र आणले. त्याच्या नियंत्रण मेजावरून चित्र मंदगतीने दाखवता येई किंवा गोठवता येई.

पोन्यातोव्ह १९५५ पर्यंत कंपनीचे अध्यक्ष होते. त्यानंतर १९७० पर्यंत ते संचालक मंडळाचे प्रमुख होते.

भारतातील संदर्भ

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रंगीत प्रक्षेपण १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी आले. लातूर जिल्हाही त्याच वर्षीचा. त्या दशकात सहक्षेपण केंद्रांचे जाळे पसरले, तसे नांदेड-लातूरसारख्या मराठवाड्यातील शहरांतही क्रिकेटचे रिप्ले पाहिले जाऊ लागले. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बन कसोटीत तिसऱ्या पंचाने रिप्ले पाहून सचिन तेंडुलकर यांना धावबाद ठरवले. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये अशा रीतीने बाद झालेले ते पहिले फलंदाज होत. याउलट १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध कपिल देव यांनी केलेल्या नाबाद १७५ धावांचे चित्रमुद्रण उपलब्ध नाही. ती खेळी आज फक्त छायाचित्रांतून, धावफलकातून आणि पाहणाऱ्यांच्या आठवणींतून कळते.