धुळीला बोलतं करणारा डॉक्टर : एदमों लोकार आणि परागकणांची साक्ष

फुलाचे भाग शिकवताना आपण पुंकेसर, परागकोश, परागकण अशी नावं फळ्यावर लिहितो, परागीभवन समजावतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण हेच परागकण पोलीस तपासात उपयोगी पडतात, अमली पदार्थाची पुडी कुठे तयार झाली आणि कुठून कुठे फिरली हे सांगतात, असं म्हटलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा कान टवकारतात. ही गोष्ट सांगायची तर सुरुवात फ्रान्समधल्या एका डॉक्टरपासून करावी लागते. त्यांचं नाव एदमों लोकार.

लोकार यांचा जन्म १३ डिसेंबर १८७७ रोजी सें-शामों या गावी झाला. ल्यों शहरात ते वैद्यकशास्त्र शिकले. तिथे अलेक्सांद्र लाकासान्य हे न्यायवैद्यकाचे नावाजलेले प्राध्यापक होते. त्यांच्या हाताखाली काम करता करता लोकार यांचा ओढा रोग्यांपेक्षा गुन्ह्यांकडे वाढत गेला. मग त्यांनी कायद्याचाही अभ्यास केला. पॅरिसला जाऊन बर्तियों यांची माणसं ओळखण्याची पद्धत पाहिली, स्वित्झर्लंडमध्ये लोझानला जाऊन तिथलं काम पाहिलं. शेरलॉक होम्सच्या कथा ते आवडीने वाचत आणि विद्यार्थ्यांनाही वाचायला सांगत. एखादा शिक्षक गोष्टीच्या पुस्तकातून शास्त्राची गोडी लावतो ना, तसंच हे.

१९१० साली त्यांनी ल्योंच्या पोलिसांना पटवलं आणि न्यायालयाच्या इमारतीत माळ्यावरच्या दोन खोल्या मिळवल्या. मदतीला दोन माणसं आणि जवळ मोजकीच उपकरणं. जगातल्या अगदी पहिल्या पोलीस प्रयोगशाळांमध्ये हिचं नाव घेतात, पण तेव्हा ती म्हणजे उभा जिना चढून जायची एक अडगळीची जागाच होती. अधिकृत मान्यता मिळायला १९१२ साल उजाडलं.

त्या काळात तपास म्हणजे काय? साक्षीदार काय सांगतो आणि आरोपी काय कबूल करतो. साक्षीदार घाबरतो, विसरतो, खोटंही बोलतो. मारून मुटकून घेतलेल्या कबुलीवर किती विश्वास ठेवायचा? अशा पुराव्यावर निरपराध माणूसही फासावर जाऊ शकतो. लोकार यांना दुसरा आधार हवा होता. माणूस एखाद्या जागी गेला की तिथलं काहीतरी घेऊन निघतो आणि आपलं काहीतरी तिथे सोडतो, हे त्यांच्या विचाराचं सूत्र. आज ते लोकार यांचं तत्त्व म्हणून सगळीकडे घोषवाक्यासारखं छापलं जातं. त्यांनी ते इतक्या चटपटीत शब्दांत लिहिलेलं नाही. त्यांचं लिखाण जास्त सावध आहे आणि मला तेच जास्त आवडतं.

सुरुवातीच्या काळातलं एक प्रकरण खोट्या नाण्यांचं. पोलिसांचा तिघांवर संशय होता, पण हाती काहीच नव्हतं. लोकार यांनी संशयितांचे कपडे मागवले, खिसे आणि बाह्या झटकून धूळ गोळा केली. त्या धुळीत कथील, अँटिमनी आणि शिसं यांचे कण निघाले. खोटी नाणी याच धातूंची होती!

१९१२ सालचं प्रकरण जास्त गाजलं. एका तरुणीचा तिच्या आईवडिलांच्या घरी गळा दाबून खून झाला. संशय होता तिच्या मित्रावर, पण तो त्या रात्री काही मैलांवर मित्रांबरोबर पत्ते खेळत होता. मित्रांनी तशी साक्ष दिली, आणि ते खोटं बोलत नव्हते. लोकार यांनी संशयिताच्या नखांखालचा मळ खरवडून घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात कातडीचे कण दिसले, पण कातडी कुणाची हे सांगायची सोय तेव्हा नव्हती. त्या कणांवर मात्र गुलाबी पूड होती. तांदळाचा स्टार्च, बिस्मथ, जस्ताचा ऑक्साइड, लोहाचा लाल ऑक्साइड असे घटक त्यात सापडले. ती चेहऱ्याला लावायची पावडर होती, आणि ल्योंमधल्या एका औषधविक्रेत्याने ती खास त्या तरुणीसाठी बनवून दिली होती. हे समोर ठेवल्यावर त्याने कबुली दिली. मित्रांच्या घरातलं घड्याळ त्याने हळूच पुढे केलं होतं. म्हणजे प्रामाणिक साक्षीदारही चुकले, आणि नखातली चिमूटभर पावडर खरी ठरली.

पुढची वर्षं भराभर सांगतो. पहिल्या महायुद्धात त्यांनी सांकेतिक संदेश उलगडण्याचं काम केलं. बोटांचे ठसे पुन्हा तसेच उमटतात का, हे पाहण्यासाठी स्वतःची बोटं भाजून घेतली. (हा प्रयोग वर्गात सांगताना जरा जपून, बरं का!) ठशांत बारा ठळक खुणा जुळल्या तर ओळख पक्की मानावी, त्याहून कमी असतील तर बाकीच्या गोष्टी तपासूनच बोलावं, असा दंडक त्यांनी घालून दिला. १९३० च्या दशकात त्यांचा गुन्हेशास्त्रावरचा सात खंडांचा ग्रंथ आला. शिवाय ते टपाल तिकिटं जमवत, संगीतावर लिहीत. १९५१ साली निवृत्त झाले.

धुळीत परागकणही असतात. पण त्यांच्या साक्षीचं गाजलेलं पहिलं उदाहरण १९५९ सालचं, ऑस्ट्रियातलं. डॅन्यूब नदीवरच्या प्रवासात एक माणूस बेपत्ता झाला. प्रेत मिळेना. संशयिताच्या बुटांना चिखल होता. तो व्हिएन्नातले शास्त्रज्ञ विल्हेम क्लाउस यांनी तपासला. त्यात आजच्या झाडांच्या परागकणांबरोबर हिकरी जातीच्या झाडाचे लाखो वर्षांपूर्वीचे अश्मीभूत परागकण निघाले. असं मिश्रण व्हिएन्नाच्या उत्तरेला एका छोट्याशा पट्ट्यातच मिळत होतं. जागेचं नाव ऐकून आरोपी हबकला आणि त्याने प्रेत पुरल्याची जागा दाखवली. लोकार तेव्हा ऐंशी ओलांडून गेले होते. ४ मे १९६६ रोजी ल्योंमध्ये त्यांचं निधन झालं.

अमली पदार्थांच्या तपासात परागकण इतके उपयोगी का, हे समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक परागकण मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाएवढे असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून गुन्हेगार ते झटकून टाकू शकत नाही. त्यांचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या अतिशय चिवट पदार्थाचं असतं. तीव्र आम्लातही ते टिकतं. शिवाय कवचावरची नक्षी प्रत्येक वनस्पतिगटाची वेगळी. आता चरस घ्या. गांजाच्या फुलोऱ्यातली राळ चिकट असते, आसपासच्या झाडांचे वाऱ्याने आलेले कण तिला चिकटून बसतात. अफूच्या बोंडाला चिरा दिल्यावर जो चीक पाझरतो, त्याचंही तसंच. कोकाची पानं उघड्यावर वाळवतात. पुढे त्यावर कितीही रसायनं ओतली तरी काही कण शिल्लक राहतात. माल दुसऱ्या देशात नेऊन त्यात भेसळ केली, पुड्या बांधल्या, की त्या जागेची धूळही मिसळते.

न्यूयॉर्कमध्ये जप्त झालेल्या कोकेनचा एडवर्ड स्टॅनली यांनी केलेला अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यात परागकणांचे तीन थर उलगडले. पहिला दक्षिण अमेरिकेतला, जिथे कोका पिकतो. दुसरा उत्तर अमेरिकेच्या थंड जंगलांतल्या पाइन आणि हेमलॉक या झाडांचा, म्हणजे मधला मुक्काम तिकडे कुठेतरी. तिसरा शहरातल्या मोकळ्या जागी उगवणाऱ्या तणांचा. माल आणणाऱ्याने तोंड उघडलं नाही तरी रस्ता कळतो, तो असा.

इथे लोकार यांची सावधगिरी आठवावी लागते. पाइनचे परागकण वाऱ्यावर दूरवर जातात, त्यामुळे एखादा कण सापडला म्हणून काही सिद्ध होत नाही. कणांचा पूर्ण संच बघायचा, त्या जागेचे नमुने आणून ताडायचे, प्रयोगशाळेतली धूळ आत शिरली नाही ना हे तपासायचं. त्या शेताजवळून रोज शाळेला जाणाऱ्या मुलाच्या सदऱ्यावरही तेच कण असणार. परागकण जागा सांगतात. तिथे कोण कशाला गेलं होतं, हे पोलिसांना वेगळं शोधावं लागतं. मुलांसमोर हा भाग गाळू नये.

वर्गात करून बघायचं असेल तर जास्वंद, भोपळा आणि गवताचा तुरा आणा. काचपट्टीवर परागकण झटकून पाण्याचा एक थेंब टाका आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून दाखवा. जास्वंदीचा मोठा काटेरी गोळा आणि गवताचा गुळगुळीत बारीक कण यांतला फरक चौथीतलं मूलही सांगतं. नंतर एकाच्या रुमालावर यातले कुठले तरी कण लावून द्या आणि फूल कोणतं ते बाकीच्यांना ओळखायला सांगा.