बर्फात मुद्दाम अडकलेला माणूस

जहाज बर्फात अडकलं तर कप्तान काय करेल? ते बाहेर काढायची धडपड करेल. पण एका माणसाने खास बर्फात अडकण्यासाठीच जहाज बांधून घेतलं आणि मुद्दाम ते बर्फात नेऊन घातलं, तेही तीन वर्षांसाठी! त्याचं नाव फ्रिट्यॉफ नान्सेन. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे स्कॉट आणि अमुंडसेनची दक्षिण ध्रुवाची शर्यत मला तोंडपाठ होती. पण अमुंडसेन ज्या जहाजातून गेला ते कोणाचं, हे कुठल्याच पुस्तकात ठळक दिलेलं नव्हतं. ते नान्सेनचं होतं.

नान्सेनचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ चा, नॉर्वेतल्या ख्रिस्तियानियाजवळचा. म्हणजे आजचं ओस्लो. शिक्षण प्राणीशास्त्राचं. १८८२ साली तो सील मारणाऱ्या एका जहाजावर निरीक्षणं करायला गेला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्याच वयाचा! पुढे बर्गनच्या म्युझियममध्ये नोकरी, मज्जासंस्थेवर प्रबंध, आणि १८८८ मध्ये सहा जणांनी स्कीवरून ग्रीनलंड पार केलं. यात एक गंमत आहे. बाकीचे लोक वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघत, म्हणजे नाही जमलं तर परत फिरता यावं. नान्सेन ओसाड पूर्वेकडून निघाला. मागे परतायला काहीच नाही, त्यामुळे पुढे जाण्याशिवाय इलाजच नाही. (सबमिशनच्या आदल्या रात्रीचा अनुभव असलेल्यांना हे लगेच कळेल.)

आता जहाजाची गोष्ट. ‘जीनेट’ नावाचं अमेरिकन जहाज १८८१ साली सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं. तीन वर्षांनी त्याचं काही सामान कुठे सापडावं? ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर! म्हणजे उत्तर ध्रुवाकडचा बर्फ एका जागी बसून नाही, तो वाहतो आहे. नान्सेन म्हणाला, सामान वाहत जातं तर जहाज का नाही जाणार? बऱ्याच जाणकारांनी ही कल्पना वेडेपणाची ठरवली.

कॉलिन आर्चर या जहाजबांधणी करणाऱ्याने त्याच्यासाठी ‘फ्राम’ बांधलं. मेकॅनिकलवाल्यांनो, नीट वाचा! जहाजाचं पोट वाटीसारखं गोल ठेवलं. बर्फाने दोन्ही बाजूंनी दाबलं की जहाज चिरडण्याऐवजी वर उचललं जाणार. ओली सुपारी चिमटीत दाबली की सटकते तसं. विजेसाठी डेकवर पवनचक्कीसुद्धा होती. जून १८९३ मध्ये तेरा जण निघाले, सप्टेंबरमध्ये जहाज बर्फात गोठलं. आणि सुरुवातीचे काही आठवडे ते चक्क उलटं, दक्षिणेकडे वाहू लागलं. काय वाटलं असेल त्याला!

पण खरं काम पुढेच होतं. तो समुद्र उथळ असेल असा त्याचाही अंदाज होता, म्हणून खोली मोजायची दोरी कमी लांबीची आणलेली. ती तळाला लागेचना. शेवटी जहाजाच्या पोलादी दोराचे पीळ उलगडून नवी लांब दोरी तयार केली आणि खोली निघाली साडेतीन हजार मीटरहून जास्त. वरच्या थंड पाण्याखाली अटलांटिकमधून आलेल्या कोमट पाण्याचा थर सापडला. बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता थोडा उजवीकडे सरकतो हेही त्याने टिपलं आणि कारण पृथ्वीच्या फिरण्यात आहे हे ओळखलं. त्यावरूनच पुढे एकमन या तरुणाने गणित मांडलं, आज ‘एकमन स्पायरल’ म्हणून शिकवतात ते.

जहाज ध्रुवावरून जाणार नाही हे दिसल्यावर मार्च १८९५ मध्ये नान्सेन आणि योहानसेन कुत्र्यांच्या गाड्या घेऊन पायी निघाले. ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत पोहोचले. तोपर्यंत इतक्या उत्तरेला कोणीच गेलं नव्हतं. परतताना फ्रान्झ जोसेफ लँडवर दगडांच्या खोपटात अख्खा हिवाळा अस्वलाचं आणि वॉलरसचं मांस खाऊन काढला. तरी नान्सेनचं वजन वाढलंच! (आमच्या मेसमध्ये हा चमत्कार अजून कोणाच्या बाबतीत झालेला नाही.) ऑगस्ट १८९६ मध्ये फ्रामही बर्फातून सुटलं. तेराच्या तेरा जण जिवंत परतले.

इथवरची गोष्ट साहसाची. मला जास्त आवडते ती पुढची. खोल पाण्याचा खारटपणा मोजण्यात फ्रामवर पुरेशी अचूकता नव्हती हे त्याला स्वतःलाच कळून चुकलं. बरं, एक देश एका पद्धतीने मोजतो, दुसरा दुसऱ्या, मग आकडे जुळवायचे कसे? समुद्राला तर सरहद्द नाही. १९०२ साली कोपनहेगनमध्ये आठ देशांनी समुद्र संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन केली. त्यात ब्रिटन, जर्मनी, रशिया सगळे होते. तिची मध्यवर्ती लॅब ख्रिस्तियानियात, आणि प्रमुख नान्सेन. काम काय, तर सगळ्यांची उपकरणं आणि पद्धती एकसारख्या करणं. कंटाळवाणं वाटतं ना? पण त्याशिवाय कोणाचाच आकडा दुसऱ्याच्या उपयोगाचा नव्हता.

त्याची ‘नान्सेन बाटली’ तर मस्तच आहे. दोन्ही टोकं उघडी असलेली धातूची नळी तारेवरून खाली सोडायची. मग तारेवरून एक वजन घसरत सोडायचं. ते आपटलं की नळी उलटी होते, बंद होते, आणि तिथलंच पाणी आत अडकतं. जोडलेला थर्मामीटरही उलटतो, पारा तुटतो, तापमान तिथेच कायम. तेच झालं की दुसरं वजन सुटून खालच्या बाटलीकडे जातं. बॅटरी नाही, सेन्सर नाही. कितीतरी दशकं जगभर हीच वापरली गेली.

दक्षिण ध्रुवावर जायचं त्याचंही स्वप्न होतं. तरी त्याने फ्राम अमुंडसेनला दिलं, आणि १९११ मध्ये ध्रुव अमुंडसेनने गाठला. नान्सेन तोवर लंडनमधली राजदूताची नोकरी आणि पत्नी एव्हाचा मृत्यू यातून गेला होता. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने त्याला युद्धकैद्यांना घरी पोहोचवायचं काम दिलं. चार लाखांहून जास्त माणसं परतली. १९२१ मध्ये रशियात दुष्काळ पडला, तेव्हा बोल्शेविकांच्या रागापोटी सरकारांनी पैसे नाकारले. नान्सेनने लोकांकडून मदत गोळा केली. देश नसलेल्या निर्वासितांसाठी ‘नान्सेन पासपोर्ट’ निघाला. १९२२ चं शांततेचं नोबेल त्याला मिळालं, ते पैसेही त्याने मदतीतच घातले. १३ मे १९३० रोजी तो गेला.

आता फ्राम ज्या समुद्रात वाहत होतं, त्याचं काय चाललंय ते सांगतो. बर्फ कमी होत चालल्यामुळे तिथे मासेमारी शक्य होऊ लागली. म्हणून नऊ देश आणि युरोपीय संघ यांनी २०१८ मध्ये करार केला, तो २०२१ मध्ये लागू झाला. २८ लाख चौरस किलोमीटरवर सोळा वर्षं व्यापारी मासेमारी नाही, आणि आधी सगळ्यांनी मिळून संशोधन व देखरेख करायची. दक्षिणेला अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्रात २०१७ पासून १५.५ लाख चौरस किलोमीटरचं सागरी संरक्षित क्षेत्र आहे. पाच महाराष्ट्र मावतील एवढं! त्याची मुदत ३५ वर्षांची आहे. त्यानंतर पुढे चालू ठेवायचं की नाही यावर पुन्हा एकमत लागणार, आणि ते आकड्यांवर ठरणार. पेंग्विन किती, क्रिल किती, मासे किती. म्हणून सभासद देशांनी पेंग्विन मोजायच्या पद्धतीसुद्धा एकसारख्या ठरवून घेतल्या आहेत. भारतही त्या आयोगाचा सभासद आहे.

अडचण इथेच आहे. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये नान्सेनच्या त्या जुन्या परिषदेने रशियाला कामकाजातून तात्पुरतं बाजूला केलं. युद्ध कोणी सुरू केलं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे निर्णय चुकीचा म्हणवत नाही. पण आर्क्टिकच्या किनाऱ्याचा जवळजवळ निम्मा भाग रशियाचा आहे. तिकडचे आकडे आले नाहीत तर तक्त्यातले तेवढे रकाने रिकामे राहणार. फ्रामसुद्धा त्याच सैबेरियाच्या किनाऱ्याने पुढे गेलं होतं, आणि गाडीचे कुत्रे वाटेत तिथूनच घेतले होते.

आणि एक गोष्ट आपल्या जवळची. गोव्यात वास्कोला आपलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्र आहे. भारतीय शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्डमधल्या कोंग्सफ्योर्डन खाडीत, १९२ मीटर खोलीवर, उपकरणांची एक साखळी सोडली. नाव ‘इंडआर्क’. अटलांटिकचं कोमट पाणी त्या खाडीत किती शिरतं हे तिच्यावरून कळतं. ठरावीक काळाने ती वर काढतात, नोंदी उतरवून घेतात आणि पुन्हा खाली सोडतात. मुख्य नोंदींमध्ये तापमान आणि खारटपणा.