३०० धावांच्या भागीदारीत भावाच्या फक्त २१. सांगलीच्या विजय हजारेंची गोष्ट

माधवनगरशेजारच्या सांगलीत ११ मार्च १९१५ ला एका शिक्षकाच्या घरी विजय हजारे जन्मले. घरात आठ भावंडं. माणूस अबोल, बोलायची ती बॅट.

डिसेंबर १९४३, ब्रेबॉर्न स्टेडियम. हिंदू संघाच्या ५८१ धावांसमोर रेस्ट संघ १३३ वर गारद. फॉलोऑननंतर ३८७ पैकी ३०९ एकट्या विजय यांच्या. पण समोर भाऊ विवेक उभा होता. ३०० च्या भागीदारीत त्याच्या २१, तरी टोक सोडलं नाही. मॅच डावाने गेली, भावांची जोडी लक्षात राहिली.

१९५२ ला मद्रासमध्ये भारताने पहिली कसोटी जिंकली, तेव्हा कॅप्टन हजारेच होते. १८ डिसेंबर २००४ ला बडोद्यात ते गेले. विजय हजारे ट्रॉफी बघताना तो २१ धावांचा भाऊही आठवा.